पंचेचाळीसची काडी

"कुठली बाटली आहे?" तुम्ही विचारलंत सर, आणि मी खोटं बोलली.

"खोकल्याचं औषध. मेडिकलमधलं. माझ्या चिऊच्या पोटात गेलंय सर, दोन चमचे, ती डोळे उघडत नाहीये, डॉक्टर विचारतायत यात काय आहे, तुम्ही बघा ना, लवकर बघा ना." सगळं एका दमात. बाटली टेबलावर ठेवायला गेली तर ठेवताच येईना, बोटं चिकटलेली. रिक्षात झाकण सैल होऊन हात सगळा बुळबुळीत झालेला. तुम्ही माझं एकेक बोट सोडवून बाटली काढून घेतलीत. लॅबचे मालक, आमचे शेठ, बाजूलाच उभे होते. ते नसते तर मी खरं बोलली असती, असं मी स्वतःला सांगते. पण ते पाच मिनिटांनी गेले ना. तरी मी नाही बोलली.

सर, तुम्ही गेलात त्याला आज अठरा दिवस झाले. तुमच्या मुलीने, ताईंनी, सगळ्यांना सांगितलंय दोन पानं लिहा, पप्पांच्या आठवणींचं पुस्तक काढायचंय. मी बोलली ताई, मी आठवीत शाळा सोडलेली, तुमच्या पार्ल्याच्या लोकांसारखं मला येणार नाही. त्या बोलल्या, जसं बोलतेस तसं लिही, मी भाषेला हात लावणार नाही. म्हणून लिहितेय. सगळे लिहितील सर किती हुशार, किती वर्षं औषधाच्या कंपनीत होते, रिटायर होऊन साकीनाक्याच्या एवढ्याशा लॅबमध्ये का आले. मला त्यातलं काही माहीत नाही. मला ती दुपार माहीत आहे.

तुम्हाला ते अर्धंच माहीत होतं. की पूर्ण माहीत होतं? तेच तर मला काही सुचू देत नाही.

आधी बाटलीचं सांगते. आम्ही बायका लॅबमध्ये काचेची भांडी धुतो, दिवसभर ऍसिड नि साबण, हाताला भेगा पडतात, मिरची चिरली तर रडायला येतं. मागच्या खोलीत, थंड करायच्या मशीनपाशी एक मोठा पांढरा कॅन असतो. त्यात जाडसर, चिकट पाणी असतं, ते त्या मशीनमध्ये घालतात. सगळ्या बायका त्याला ग्लिसरीन बोलतात. मी लागली तेव्हा लता मावशीने पहिल्याच दिवशी माझ्या तळव्यावर घातलं, "घे गं, चोळ, फुकटची क्रीम." हात मऊ झाले. कुणी विचारलं नाही ते खरंच ग्लिसरीन आहे का. कॅनवरचा कागद कधीच भिजून गेलेला. आणि मग घरी पण पाहिजे ना, रात्री चोळायला. चिऊच्या खोकल्याच्या औषधाची बाटली रिकामी झालेली, ती धुतली, भरली, पर्समध्ये घातली, घरी नेली. लॅबमधून काहीही बाहेर नेलं की नोकरी जाते. माझ्याआधीची एक बाई स्पिरिटची छोटी बाटली नेताना गेटवर सापडली होती, तिला त्याच दिवशी घरी बसवली. मला माहीत होतं. तरी नेली. आणि घरी फळीवर देवाच्या बाजूला ठेवली, औषधाचं नाव तसंच, अर्धं फाटलेलं.

त्या दिवशी चिऊला खोकला होता म्हणून मी सुट्टी टाकली होती. पाणी भरायला खाली गेली, असल्फ्याला आमच्याकडे डोंगर उतरावा लागतो. वर आली तर आई, म्हणजे माझी सासू, चमचा धूत होत्या. "दोन चमचे दिलंय, आता निजतली," त्या बोलल्या. मी विचारलं कुठल्या बाटलीतलं. त्यांनी दाखवली.

सर, मी त्यांना काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. त्या नुसत्या, "अगो, बाटली औषधाचीच मा? माका काय म्हायती?" करत राहिल्या, आणि घाबरून त्यांनी चिऊला मिठाचं पाणी पाजलं, मग ती ओकली, ओकून ओकून मलूल पडली. हॉस्पिटलात डॉक्टर त्याच्यावरून पण ओरडले. "यात काय होतं?" मी बोलली माहीत नाही. "मग माहीत करून या. कुठून आणलं तिथे जा. काही चीजा अशा असतात की लेकरू दोन-चार तास बरं दिसतं आणि मग किडनी बसते. नाव कळलं तर मला उपाय सुरू करता येईल."

किडनी. तो शब्द मी आधी ऐकला होता. तुमच्याकडूनच.

तुम्ही मला चहाच्या वेळेला शिकवायचात ना, आठवतं? मी बोलायची, सर, ह्या रेघा कसल्या, हार्टवाल्यांच्या कागदासारख्या. तुम्ही बोलायचात, बस इथे, डॉक्टरीणबाई. एक कागद आयआरचा. छोट्याशा हिऱ्यावर एक थेंब ठेवायचा, खरा हिरा, मुंगीच्या डोक्याएवढा, तो पुसायचं काम माझं. मग मशीन त्याच्यावर न दिसणारा उजेड मारतं, आणि त्या थेंबाला जो उजेड आवडतो तो तो गिळतो, तिथे रेघ खाली लोंबते. मी बोलली, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसतंय. तुम्ही एवढे हसलात! "बरोबर आहे, कपडे बघून घरात कोण कोण आहे ते सांगायचं. हे डावीकडे रुंद लोंबतंय ना, ओल्या गोधडीसारखं, म्हणजे घरात अल्कोहोल आहे."

आणि दुसरा कागद मासचा. तो मला पटकन कळला. तुम्ही बोललात, या मशीनमध्ये आपण चीज फोडतो, तुकडे करतो आणि तुकड्यांची वजनं बघतो. जेवढं वजन, तेवढ्या आकड्यावर एक उभी काडी. मी बोलली, सर, हे तर मी रोज करते. बेसिनमध्ये काच फुटली की तुकडा बघून सांगते काय फुटलं. गळा असेल तर फ्लास्क. चोच असेल तर बीकर. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. त्या दिवसापासून तुमचं सुरू झालं, सतरा नंबरचा फॉर्म भर, दहावीला बस, बाहेरून बसता येतं. मी नाही बोलायची, तुम्ही दर महिन्याला विचारायचात. भांडणच होतं ते आपलं. "तुकडा बघून भांडं सांगतेस नि दहावीला घाबरतेस, लाज नाही वाटत?" मी बोलायची, "सर, भांडं फुटलं तर कुणी नापास करत नाही." ते भांडण आता कोण संपवणार?

त्याच चहाला तुम्ही एकदा ग्लायकॉलचं सांगितलं होतं. अल्कोहोलच्याच घरातले तिघं भाऊ, एकाच चेहऱ्याचे. तिघंही चिकट, तिघंही गोड. "एक भाऊ गरीब, आइस्क्रीममध्ये पण घालतात त्याला. बाकीचे दोघं किडनी खातात." म्हणून डॉक्टर किडनी बोलले तेव्हा मी रिक्षा पकडून थेट तुमच्याकडे आली. कारण आत कुठेतरी मला ठाऊक होतं, मागच्या कॅनमधलं ते ग्लिसरीन नाही.

आणि तरी तुम्ही विचारलंत तेव्हा मी बोलली खोकल्याचं औषध.

शेठ बोलले, "सर, जॉब नंबरशिवाय मशीन लावू नका, ऑडिट तोंडावर आहे." तुम्ही वर पण बघितलं नाही. "माझ्या नावावर टाका. पोरीच्या पोटात गेलंय." शेठ काहीतरी पुटपुटत फोनवर गेले.

तुम्ही थेंब हिऱ्यावर ठेवलात. रेघ आली. गोधडी लोंबत होती, एवढी रुंद. तुम्ही बोटाने दाखवलंत, स्वतःशीच बोलत होतात, मी ऐकत होती. "अल्कोहोल. पाणी पण आहे. आणि हा बघ, तीन हजाराच्या अलीकडे पहिला दात, हा गरीब भावाचा दात. बाकी दोघांना तो नसतो." मी बोलली, मग झालं ना सर! सांगा ना डॉक्टरला! तुम्ही बोललात, "दात आहे म्हणजे तो घरात आहे. एकटाच आहे असं नाही. दोघं भाऊ एका घरात असले तर?"

मग तुमचं बोट रेघेवर पुढे सरकलं नि थांबलं. "सुषमा, खोकल्याच्या औषधात साखर असते. साखरेचा इथे, हजारच्या आसपास, अख्खा डोंगर येतो. इथे डोंगर कुठाय? आणि रंग पण नाही, वास पण नाही."

मी बोलली, "मला काय माहीत सर."

हेच सासू बोलल्या होत्या मला. माका काय म्हायती. त्या खरं बोलत होत्या.

दुसरं मशीन वीस मिनिटं घेतं. वीस मिनिटं मी उभी, मोबाईल हातात, आई हॉस्पिटलातून दर दोन मिनिटांनी फोन करत होत्या, "गे, ती कायच बोलणा नाय." मग काड्या आल्या. सगळ्यात उंच काडी पंचेचाळीसवर. एकतीसवाली बुटकी. तुम्ही श्वास सोडलात. "एक भाऊ गेला, तो इथिलीन. तो असता तर एकतीस सगळ्यात उंच असती." आणि कम्प्युटरने पण नाव दाखवलं, गरीब भावाचं, सगळ्यात वर. मी फोन लावायला घेतला. तुम्ही माझा हात धरलात.

"थांब. पंचेचाळीस म्हणजे चोचीचा तुकडा. बीकरला पण चोच असते, मेजरिंग सिलिंडरला पण चोच असते. गरीब भाऊ फुटला तरी पंचेचाळीस, आणि तिसरा, तो डाय-इथिलीन, तो फुटला तरी पंचेचाळीस. तिसऱ्याचा दुसरा तुकडा पंच्याहत्तरवर पडतो." आणि तिथे, पंच्याहत्तरवर, एक बारकी काडी होती. केसाएवढी. पण होती.

"ती आपल्या मशीनची घाण असू शकते," तुम्ही बोललात. "थेंब ज्यात मिसळतो ते मिथेनॉल नुसतंच सोडून बघतो, काही न मिसळता. त्यात पण पंच्याहत्तर आली तर मशीनची. नाही आली तर..." म्हणजे आणखी वीस मिनिटं.

सर, मी काय बोलली तुम्हाला तेव्हा. मला आठवतं, तुम्हाला पण आठवत असणार, जिथे असाल तिथे. "नाव समोर लिहून आलंय आणि तुम्ही मशीन धूत बसलाय! तुमची पोरगी तिथे असती तर असे आरामात बसला असता का?" लता मावशी धावत आली, "सुषमे, कुणाला बोलतेस!" तुम्ही मिथेनॉल सोडलंत. मग उठलात, एक ड्रॉपर घेतलात आणि मागच्या खोलीत गेलात.

मला वाटलं तोंड धुवायला गेलात. ड्रॉपर घेऊन कोण तोंड धुतं? पण मला तेव्हा काही दिसत नव्हतं.

आलात, हिरा पुसायचा होता, मी टिश्यू घेतला, तो माझ्या हातून खाली पडला, तुम्ही दुसरा घेतलात नि स्वतः पुसलात. थेंब ठेवलात. एक रेघ आली. ती आधीच्या रेघेवर ठेवलीत, एकावर एक, जसे दोन सारखे परकर घडी घालून ठेवतात. कुठेही बाहेर डोकावलं नाही. मला वाटलं तोच थेंब परत बघताय. तेवढ्यात मिथेनॉलचा कागद पण आला. पंच्याहत्तर त्यातही होती. बारकी, केसाएवढी. मशीनची घाण.

"लाव आता फोन. डॉक्टरला दे." आणि तुम्ही खुर्चीत ताठ बसून बोललात, "प्रॉपिलीन ग्लायकॉल, पाणी मिसळलेलं. इथिलीन नाही, डाय-इथिलीन नाही. दोन्ही मशीनवर बघितलंय, खात्री करून सांगतोय." मग फोन माझ्याकडे दिलात.

चिऊला एक रात्र ठेवून घेतलं, सकाळी ती उठली नि पहिलं काय बोलली, "मम्मी, बटर." चहात बुडवून दोन बटर खाल्ले. मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, तुम्ही बोललात, "चहा नको देऊस एवढ्या पोरीला." बस. एवढंच. आणि खिशातून चिकटपट्टीच्या लेबलांचा रोल काढलात, "घरातल्या सगळ्या बाटल्यांना नाव लाव. तेलाच्या पण."

पुढे एकदा चहाला तुम्ही विचारलंत, "सुषमा, काही सांगायचंय का?" मी बोलली नाही सर. तुम्ही बोललात, "बरं." आणि मला केवढं हायसं वाटलं! लाज वाटते लिहायला. हायसं वाटलं मला. वाटलं सुटली. मनात होतं, चिऊचा वाढदिवस झाला की सांगेन, केक घेऊन जाईन नि सांगेन. वाढदिवसाच्या चार दिवस आधी सकाळी ताईंचा फोन आला लॅबमध्ये.

तुमचं टेबल आवरायला मलाच सांगितलं. खणात सतरा नंबरचा फॉर्म होता, माझं नाव तुमच्या अक्षरात घातलेलं. आणि त्याखाली तो कागद, दोन रेघा एकावर एक. पेन्सिलने एका रेघेला लिहिलेलं "सुषमाची बाटली". दुसरीला "मागचा कॅन".

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. साखरेचा डोंगर दिसला नाही तेव्हाच. मी तुम्हाला बोलत होती तुमची पोरगी असती तर, आणि तुम्ही मागे जाऊन माझं खोटं पकडून आलात, आणि ते खोटं पकडण्यातूनच माझ्या पोरीचं उत्तर पक्कं केलंत, आणि कागद खणात ठेवून दिलात.

पण एवढ्यावर नाही संपत सर. गेल्या आठवड्यात मागचा कॅन संपला. शेठ फोनवर कुणाला तरी बोलत होते, "आता ते महागवालं नको. ते सर हट्टाने मागवायचे. बायका हाताला लावतात, कुणाच्या घरात लेकरं असतील, म्हणून भांडायचे माझ्याशी. मशीनला काय फरक पडतो? साधं इथिलीनवालं पाठवा."

मी तिथेच बेसिनपाशी उभी होती. हातात फ्लास्क होता.

तुम्हाला आधीपासून माहीत होतं. आम्ही हाताला लावतो, घरी नेतो, सगळं. तुम्ही आम्हाला कधी पकडलं नाहीत, कॅनमधला भाऊच बदलून टाकलात. म्हणजे त्या दुपारी मी नुसतं "मागच्या कॅनमधलं आहे" बोलली असती ना, तर तुमच्याकडे पहिल्या मिनिटाला नाव होतं. बघितलं असतंत, तुम्ही बघितल्याशिवाय कुठे सोडता, कुणी बदललं नाही ना एवढंच बघायचं होतं, दहा मिनिटांचं काम. नाव असलं की नुसतं पडताळायचं असतं. नाव नसलं की अख्खं जग शोधायचं. त्या तासाभरात तुम्हाला माझ्यासाठी अख्खं जग शोधायला मी लावलं. तुमचं छातीचं दुखणं होतं, गोळ्या चालू होत्या, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ताई बोलतात त्याचा नि याचा संबंध नाही. मी मान डोलवते. झोप लागत नाही.

परवा नवा कॅन आला. लता मावशी रिकामी बाटली घेऊनच आली, नातीच्या औषधाची. मी तिच्या हातातून ओढली. ती बोलली, "येडी झालीस का?" मी तुमच्या रोलमधली सगळी लेबलं त्या कॅनला लावली नि मार्करने मोठं लिहिलं, हे ग्लिसरीन नाही. विष आहे. हाताला लावू नका. घरी नेऊ नका.

शेठ आले. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तुला कसं कळलं विष आहे?"

शेठ उभे, लता मावशी उभी, मशीन घरघरतंय. तीच खोली सर, तोच कॅन. या वेळी मी बोलली. "शेठ, त्या दिवशीची बाटली याच कॅनमधली होती. मी घरी नेली होती. सर महागवालं मागवायचे म्हणून माझी पोरगी आहे." शेठनी कॅनवरची लेबलं परत एकदा वाचली. मग बोलले, "तुझा हिशोब सोमवारी बघू," आणि गेले. कॅन अजून तिथेच आहे, लेबलं पण. मावशीची बाटली माझ्या पर्समध्ये आहे. आज शुक्रवार. सोमवारचं मला माहीत नाही. फॉर्म मात्र मी सही करून ठेवलाय, चिऊच्या फोटोमागे. एवढं भांडण तुम्ही जिंकलात.

सासूबाईंना पण सांगितलं काल, चूक तुमची नव्हती, बाटली मी आणली होती. त्या बोलल्या, "माका ठावकच होता," आणि भाकरी थापत राहिल्या. सगळ्यांनाच माहीत होतं. मीच एकटी लपवत बसली होती.

आता जे हे पुस्तक वाचताय, पार्ल्याचे, सरांचे शिकलेले मित्र, त्यांचे नातेवाईक, तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही बोलाल काय बाई आहे, पोरगी तिथे पडलेली नि ही नोकरी बघते. बोला. पण क्षणभर माझ्या जागी उभे राहा. हात चिकट, पोरगी डोळे उघडत नाही, आणि एक देवमाणूस समोर, पण त्याच्या बाजूला तुमच्या घरची चूल ज्याच्या हातात तो माणूस उभा. आणि विचारलं, कुठली बाटली आहे?

तुम्ही काय सांगितलं असतं?